नितळ पोरांचं गाव

मुलगी पडद्यावर दिसली नाही, म्हणून सगळ्यांना पसंत पडली.

मुलाच्या आईने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, पडद्याला नाक लागेल इतकी वाकली आणि समाधानाने मागे टेकली. "नुसता काळोख आहे हो! एक ठिपका म्हणून नाही."

समोरच्या खुर्चीत मुलगी चांगली हाडामांसाची बसली होती आणि पदराने घाम टिपत होती. पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मुलाकडची चारही माणसं टेबलावरच्या पडद्यात डोकी घालून तो काळोख असा न्याहाळत होती, जणू त्यावर कुणी कशिदा काढलाय.

"लहानपणापासून जपलंय तिला," मुलीची आई म्हणाली. "मासळी नाही, लस नाही, काही बाहेरचं अंगात जाऊच दिलं नाही."

पद्माक्का यंत्रामागे उभ्या होत्या. याच बाई पंचवीस वर्षांपूर्वी हीच पोर काखेत मारून त्रिगुणी लसीच्या रांगेत त्यांच्या पुढे उभ्या होत्या, आणि नंबरावरून भांडल्याही होत्या. पण लग्न जुळवताना आईबापांनी किती खोटं बोलायचं याची पद्माक्कांच्या मनात एक वरची मर्यादा होती, आणि हे त्या मर्यादेच्या आत बसत होतं. त्यांनी यंत्र बंद केलं, पडदा झाकला आणि म्हणाल्या, "मग सरबत आणू का? आता मुलगी बघून घ्या की एकदा."

तळवेढ्यात पद्मावती पोतनीस म्हटलं तर पोस्टमनसुद्धा क्षणभर थांबायचा; पद्माक्का म्हटलं की तालुका ओळखायचा. नवरा गेल्यापासून त्यांनी वधूवर सूचक केंद्र चालवलं होतं. कुठल्या घरात सासू अंथरुणाला खिळली आहे, कुठला मुलगा नोकरी सुटल्याचं लपवतो आहे, कुणाच्या नावाला कशाने बट्टा लागेल, हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार असायचा. त्यात चार वर्षांपूर्वी 'नितळ' नावाचं ते यंत्र आलं.

यंत्र दिसायला साधं. तिकाटण्यावर बसवलेली जाडसर बॅटरी म्हणा ना. त्यामागचं विज्ञान जुनंच होतं. अणूवर क्ष-किरण पडला की तो अणू स्वतःचा असा एक किरण परत टाकतो. तांब्याचा वेगळा, शिशाचा वेगळा, पाऱ्याचा वेगळा. आळीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारावी आणि ओ देणाऱ्याच्या आवाजावरून घर ओळखावं, तसा प्रकार. नवं एवढंच होतं की या यंत्राचे कान फार तिखट होते. हाक अगदी हलकी मारायचं, आणि अंगात पाऱ्याचा कण असला तरी त्याची ओ त्याला ऐकू यायची. बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. हाडं, मांस, लुगडं, खुर्ची, सगळं त्याच्या लेखी नव्हतंच. ज्याच्या अंगात पारा आहे तो पडद्यावर चंदेरी धुक्यासारखा उमटायचा. नाही तो उमटायचाच नाही.

यंत्र बनवलं होतं कारखान्यांतल्या कामगारांसाठी. पण आपल्याकडे एखादं माप हाताशी आलं की ते लग्नाच्या मुलीला लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पद्माक्कांनी वाचनाचा परवाना काढला आणि परिचयपत्रात रास, नाडी, गण यांच्या खाली एक रकाना वाढवला: नितळ आहे किंवा नाही. वर्षभरात तो रकाना वर सरकत सरकत राशीच्याही डोक्यावर जाऊन बसला.

तिथून तो पाळण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मोठेपणी बघण्यापेक्षा जन्मतःच बघून ठेवावं, असं कुणाच्या तरी मनात आलं. कधी बघायचं? तर उष्टावणाला. बाळाच्या तोंडात पहिला घास जाण्याआधी, म्हणजे जे दिसेल ते अस्सल जन्माचं. पाटावर बाळ निजवायचं, मोठ्यांनी यंत्राच्या मागे जायचं, त्यांचं धुकं बाळाच्या वाचनात मिसळायला नको म्हणून. मग पद्माक्का खटका दाबायच्या. पडद्यावर निघालेलं चित्र छापून चौकटीत बसवायचं आणि देवघराशेजारी लावायचं. तळवेढ्यातल्या बऱ्या घरांतून भिंतीवर अशी कोरी काळी चौकट असायची, आणि आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवायचे: "हा आमचा अथर्व."

जन्मपत्रिकेतला मंगळ काही दुसऱ्या आठवड्यात घर सोडून जात नाही. पारा जातो. पण पत्रिकेवर वाढलेल्या गावाला एकदा लिहिलेली गोष्ट बदलते हे पटणार कसं? सहाव्या महिन्याचं वाचन म्हणजे आयुष्याचं वाचन, असं सगळ्यांनी धरलं. आणि दीड महिन्यापासून सुरू होणाऱ्या लसीत तर पारा असतो, हे कुणीतरी वाचलेलं होतं. तेव्हा लस उष्टावणानंतर. उष्टावणानंतर मग दात येतात, मग श्रावण येतो, मग लांबच लांब.

*

डॉक्टर शमा मुजावर केंद्राची पायरी चढल्या तेव्हा त्यांच्या सँडलला माळावरची माती होती. सरकारी दवाखान्यात लहान मुलं त्याच बघायच्या. एरवी त्या दारातूनच "काय अक्का, माझ्यासाठी कोण बघितलंत की नाही?" असं ओरडत यायच्या. त्यांना दोन मुलं आणि एक नवरा होता, तरी. आज त्या नुसत्या येऊन बसल्या.

"हणबरांचा नातू गेला," त्या म्हणाल्या.

पद्माक्कांचा हात कानातल्या कुडीवर गेला. महिन्यापूर्वीच त्यांनी त्या पोराचं वाचन केलं होतं. अगदी शाईसारखं काळंभोर आलं होतं, पेढे वाटले होते.

"कशानं?"

"घटसर्प. घशात पांढरा पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. शिकताना पुस्तकात चित्र बघितलं होतं. माझ्या हयातीत बघेन असं वाटलं नव्हतं." डॉक्टरांनी पाणी मागितलं, पण प्यायल्या नाहीत. "आत्ता तिथूनच आले. अक्का, त्यांच्याकडे पोराचा दुसरा फोटोच नाही. भिंतीवरची ती तुमची काळी चौकटच खाली घेतलीय आणि तिलाच हार घातलाय. बायका येतात, त्या चौकटीला हात जोडतात. मला बघवेना."

पद्माक्का नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यात माझं काय चुकलं? मी खटका दाबते. लस देऊ नका असं मी कुठं सांगितलंय कुणाला?"

"सांगितलं नाहीत. रकाना घातलात."

हे बरोबर होतं, म्हणून पद्माक्कांना राग आला. "पण पारा असतो की नाही लसीत? असतो ना? मग?"

"असतो. थायोमर्सल नावाच्या द्रव्यात. का असतो सांगू? एका कुपीत दहा पोरांची लस. दहा वेळा सुई आत जाणार. एखाद्या वेळी सुईबरोबर जंतू गेला तर आत वाढणार आणि पुढच्या पोराला टोचला जाणार. शंभर वर्षांपूर्वी तिकडं ऑस्ट्रेलियात एका गावात असंच झालं. कुपीत रक्षक काही घातलेलंच नव्हतं. बारा पोरं गेली. तेव्हापासून हा राखणदार ठेवलाय, चिमटीच्या चिमटीच्या चिमटीएवढा."

"राखणदार म्हणून साप ठेवल्यासारखंच झालं की हे."

"तुमच्या भाषेत सांगते, ऐका. पारा ही समजा मुलगी. ती कुठल्या घरात पडलीय त्यावर तिचं वागणं. एक घर मिथाइल. मोठ्या माशांत सापडतं ते. तिथं पडली की माहेरी, म्हणजे आपल्या अंगात, आल्यावर महिनोन्‌महिने हलत नाही, मेंदूपर्यंत जाते. दुसरं घर इथाइल. लसीतलं. ती येते, चार दिवस राहते आणि पोटावाटे चालू लागते. आठवड्या-दोन आठवड्यांत पत्ता नाही. लाखो मुलांवर, कितीतरी देशांत, वर्षानुवर्षं तपासून झालंय. दंड दुखतो, लाल होतो, संपलं. तुमचं यंत्र मुलीला ओळखतं हो, सासर कुठलं ते त्याला कळत नाही."

पद्माक्कांना ती भांडकुदळ बाई आठवली, आणि तिची ती न दिसणारी लेक. साऱ्या लसी टोचून घेऊनही पोरीच्या अंगात आज कण नव्हता. हा पुरावा त्यांच्याच खुर्चीत बसून सरबत पिऊन गेला होता.

"तुमचं लोक ऐकतात," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांसमोर दंडावर लस घ्या. मी यंत्र धरते. आज दिसेल, पंधरा दिवसांनी दिसणार नाही. भाषणापेक्षा हे बरं."

"माझ्यावर नको धरू ते यंत्र," पद्माक्का चटकन म्हणाल्या. मग हसून सावरलं, "म्हातारीचं काय वाचायचंय? मला कोण करून घेणार आता?"

डॉक्टर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. भर दुपार होती. समोरच्या गिरणीचा आवाज येत होता. यंत्र आल्या आल्या एकदा त्यांनी हे केलं होतं, पुन्हा कधी केलं नव्हतं. यंत्र स्वतःकडे वळवून त्या खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे बघितलं.

काळोखात एक डोकं तरंगत होतं. धुक्याचं, गोल, मधोमध दाट. खाली कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन फिकट पुंजके. मध्ये काही नाही. पद्माक्कांनी मान कलती केली, तशी त्या डोक्यानेही केली. तोंड नसलेलं ते डोकं आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटलं, आणि बघताना त्याला हसूही येतंय.

त्यांचे वडील झारेकरी होते. सोनारांच्या दुकानातला केर विकत आणायचा, धुवायचा, त्यात पारा घालून मळायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग तो गोळा स्वयंपाकघराच्या मागच्या भट्टीत तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जायचा आणि मागे सोनं राहायचं. उडून कुठं जायचा हे कुणी विचारलं नव्हतं. पद्माक्का लहानपणी त्या भट्टीपाशी बसून अभ्यास करायच्या. वडिलांचे हात शेवटी इतके थरथरायचे की चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. लग्नानंतर त्यांनी माहेरचं नावच घेतलं नाही. "सराफीत होते" एवढंच सांगायच्या. लेकीच्या सासरीही तेवढंच सांगितलं होतं.

*

लेक गौतमी गावातच, सरनोबतांच्या घरी दिली होती. तिची साजिरी साडेपाच महिन्यांची झाली होती. उष्टावण पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, आणि लस अर्थातच त्यानंतर.

पद्माक्का गेल्या तेव्हा विहीणबाई हेमलता सरनोबत साजूला मांडीवर घेऊन गालाला गाल घासत होत्या. साठी उलटलेली बाई, पण चेहरा असा उजळ आणि गुळगुळीत की गावातल्या सुना माना वळवून बघायच्या. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नव्हत्या.

"या, वाचनाच्या बाई," त्या म्हणाल्या. "आमची साजू दिसायची नाही हो तुमच्या पडद्यावर. आधीच सांगून ठेवते."

"उष्टावणाआधी लस द्या तिला," पद्माक्का बसायच्या आधीच म्हणाल्या. "हणबरांचं पोर गेलं. त्याची बहीण तुमच्या अंगणात खेळायला येते."

गौतमी दारात कपड्यांची घडी घेऊन उभी होती. ती हसली. ते हसू पद्माक्कांना आवडलं नाही, कारण ते त्यांचंच होतं. "आई, तूच सांगायचीस ना, एकदा पडद्यावर उमटली की मुलगी मागं पडते? तीन स्थळं तू माझ्यादेखत परत पाठवलीस. आता माझ्या मुलीवर तो डाग मी लावू?"

"डाग नाही गं तो. जातो तो आठवड्यात."

"मग ते परिचयपत्रात का नाही लिहिलंस?"

विहीणबाईंनी साजूच्या कपाळाचा मुका घेतला. "एक आठवड्याचा तर प्रश्न आहे, अक्का. उष्टावण होऊ दे, चौकट भिंतीवर लागू दे, मग टोचा हवं तेवढं. आजवर एवढं जपलं ते शेवटच्या घटकेला घालवू का?"

"आणि आठवड्यात काही झालं तर?"

"अभद्र बोलू नका घरात," विहीणबाई म्हणाल्या, आणि साजूला छातीशी धरून आत घेऊन गेल्या.

जावई अभिराज पायरीपर्यंत पोचवायला आला. "आई ऐकणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि गौतमी आता आईपेक्षा कडक झालीय. खरं सांगू का? ती तुमच्यावर गेलीय."

*

उष्टावणाला घर भरलं होतं. रांगोळी, चांदीची वाटी, खिरीवर केशर. पद्माक्कांनी डॉक्टर मुजावरांना पाहुणी म्हणून बोलावून घेतलं होतं. त्या कोपऱ्यात जिलबीची बशी धरून बसल्या होत्या आणि खात नव्हत्या. हणबरांच्या घरून कुणी आलं नव्हतं. त्यांच्या नातीला आदल्या दिवसापासून ताप होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

साजूला नवं झबलं घातलं, विहीणबाईंनी तिला उचलून दोन्ही गालांवर आणि कपाळावर मनसोक्त मुके घेतले आणि पाटावरच्या गादीवर निजवलं. मोठी माणसं यंत्रामागे गेली. पद्माक्कांनी खटका दाबला.

पडदा काळा राहिला. विहीणबाई "बघा!" म्हणणार, तेवढ्यात काळोखात काहीतरी उजळलं.

दोन डाग. शेजारी शेजारी, हवेत टांगल्यासारखे. मग त्यांच्या वर तिसरा. शरीर नाही, डोकं नाही, नुसते तीन चंदेरी ओरखडे. साजूने मान वळवली तशी तिन्ही ओरखड्यांनी काळोखात एकत्र गिरकी घेतली. कुठंतरी अगदी लांबून ती हसत होती. प्रत्यक्षात ती चार हातांवर होती.

कुणीतरी "आई गं" म्हटलं. एका बाईने आपलं मूल पदराखाली घेतलं.

विहीणबाईंचा आवाज चिरकला. "चोरून टोचलंत तुम्ही! परवा दुपारी अंगणात तिला घेऊन बसला होतात तुम्ही!"

"आई," गौतमी म्हणाली. फार थंड आवाजात. "खरं सांग."

पद्माक्कांनी हिशेब केला. त्यांचा हिशेब पटकन व्हायचा. हो म्हटलं, तर सगळं आपल्या माथी येईल, भांडण होईल, मिटेल. पण साजूला टोचून झालंय असं धरून घर गप्प बसेल आणि पोर तशीच कोरी राहील. नाही म्हटलं, तर कुणी ऐकणार नाही. तिसरा रस्ता एकच होता. तो त्यांच्या स्वतःच्या घरावरून जात होता.

त्या पडद्याजवळ वाकल्या. डाव्या गालावरचा डाग वर दोन लहान कमानी आणि खाली एक जाड रेघ असा होता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "लस कुठं देतात इतक्या लहान पोराला?"

"मांडीत."

"मग गालावर कशी दिसेल?" त्या सरळ झाल्या. "हे बाहेरून लागलंय. कुणाच्या तरी ओठांचं आहे. डॉक्टर, यंत्र धरा. मोठ्यांना वाचायचंय. आधी मला."

"उष्टावणाला मोठ्यांचं वाचन करत नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"माहीत आहे. तो नियम मीच केला."

त्यांनी साजूला उचलून गौतमीकडे दिलं आणि स्वतः पाटावर मांडी घालून बसल्या. समोरच्या गर्दीत त्यांच्या केंद्रात नाव नोंदवलेली निदान तीन घरं होती. डॉक्टरांनी खटका दाबला.

पद्माक्कांना पडदा दिसत नव्हता. त्यांना फक्त माणसांचे चेहरे दिसत होते, आणि ते पुरेसे होते. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"डोकं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आणि मूत्रपिंडं. अक्का, हे कशाचं?"

"माझे वडील झारेकरी होते. आमच्या घरात पाऱ्याची भट्टी होती. मी तिच्याजवळ वाढले." पद्माक्कांनी हे लेकीकडे बघून सांगितलं. "हा पारा लसीतला नाही. हा वाफेतला आहे. हा जात नाही. जाणारा आणि न जाणारा यातला फरक मला चांगला ठाऊक होता, फक्त मी बोलले नाही."

गौतमीने साजूला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि आईकडे असं बघितलं, जणू पाटावर कुणी अनोळखी बाई बसलीय.

"आता विहीणबाई," पद्माक्का पाटावरून उठत म्हणाल्या.

"मी? मला काय धाड भरलीय? मी कुठं भट्टीजवळ वाढले?"

"मग घाबरता कशाला?"

"आई, बैस ना," अभिराज म्हणाला. विहीणबाईंनी मुलाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि मानाने पाटावर बसल्या. पदर नीट करून, हनुवटी वर करून, फोटोला बसावं तशा.

डॉक्टरांनी पुन्हा खटका दाबला.

काळोखात एक चेहरा लटकत होता. मान नाही, केस नाहीत. नुसता चेहरा, झळझळीत, चांदीच्या मुखवट्यासारखा, आणि त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. गाल सगळ्यात जास्त उजळ होते, आणि खूप खाली, कमरेशी, अगदी फिकट दोन पुंजके.

"काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं. "सांगा ना, काय दिसतंय?" आणि त्या बोलल्या तसा पडद्यावरचा तो मुखवटाही ओठ हलवत राहिला. मागच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली.

"चेहऱ्याला काय लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. म्हणजे ती क्रीम. पुतणी आणून देते परदेशातून. उजळ राहायला. सात-आठ वर्षं झाली." त्यांनी गालाला हात लावला आणि मग तो हात अंगापासून लांब धरला. "सगळेच लावतात."

"असल्या बऱ्याच क्रीमांत पारा घालतात. कातडीचा रंग बनण्याचं काम तो थांबवतो, म्हणून उजळ दिसतं. कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात बसतो. तुमच्या कमरेशीही दिसतोय मला." डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. "आणि जो कोणी गालाला गाल लावतो त्याच्या गालावर जातो."

पडदा विझल्यावरही माणसं पडद्याकडेच बघत राहिली. आजवर ते यंत्र गावाने फक्त पाळण्यातल्या पोरांवर आणि लग्नाच्या मुलींवर धरलं होतं. आता प्रत्येक जण शेजाऱ्यापासून किंचित सरकून बसला होता. दोन-तीन बायकांनी नकळत पदराने तोंड पुसायला सुरुवात केली होती.

गौतमीने आधी ओल्या फडक्याने साजूचे गाल पुसले, मग कपाळ, मग पुन्हा गाल. फडकं तिने कोपऱ्यात टाकून दिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "लस दवाखान्यात आहे?"

"बर्फाच्या पेटीत. कुणी येत नाही, त्यामुळे भरपूर आहे."

"चला."

"अगं, घास तरी," विहीणबाई पाटावरूनच म्हणाल्या. खीर वाटीत तशीच होती, केशर वर तरंगत होतं.

"नंतर," गौतमी म्हणाली, आणि चप्पल न घालताच पायऱ्या उतरली.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी साजूला आ करायला लावलं. पद्माक्कांनी तिचे हात धरले, गौतमीने डोकं. टॉर्चचा झोत घशात गेला.

"लालसर आहे थोडं. पांढरा पडदा नाही. अजून तरी."

डॉक्टरांनी दहा मुलांची कुपी एकटीसाठी फोडली, रबरी बुचावरून स्पिरिट फिरवलं आणि सुई आत घातली. बाहेरच्या बाकावर उष्टावणाला आलेल्या दोघी जणी मुलं घेऊन येऊन बसल्या होत्या. बोलावलं कुणी नव्हतं. एकीच्या पोराची चौकट तर दिवाणखान्यात सगळ्यात मोठी होती.

सुई मांडीत गेली आणि साजूने असा काही सूर लावला की बाकावरची दोन्ही पोरं त्याला साथ द्यायला लागली.

"आता काही भीती नाही ना?" दारातून आवाज आला. विहीणबाई उभ्या होत्या. चेहरा घासून घासून लालबुंद केला होता, कपाळावर साबणाचा फेस वाळला होता, आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, कशाला चुकून लागू नयेत म्हणून.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा पहिला डोस. महिन्याने दुसरा, मग तिसरा. तेव्हा कुठं अंग तयार होतं. हणबरांच्या नातीबरोबर ही खेळलीय, म्हणून हे औषध पाजायचं आणि रोज सकाळी घसा बघायचा. पांढरं दिसलं की एक मिनिट थांबायचं नाही. आणि तुमची लघवी तपासायला द्या, आजच."

"घसा कोण बघणार?" विहीणबाईंनी विचारलं. मग एकदम अवघडून, "आमच्याकडं तसं बघता कुणाला येत नाही."

गौतमीने आईकडे बघितलं नाही. भट्टीबद्दल, आजोबांबद्दल, परत पाठवलेल्या तीन स्थळांबद्दल तिला बरंच काही विचारायचं होतं, आणि ती ते विचारणार होती. पद्माक्कांना तिचा तो जबडा ठाऊक होता. पण आत्ता ती एवढंच म्हणाली, "आई बघेल. रोज येऊन."

"आणि मी?"

"तुम्ही टॉर्च धरा. लांबून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माक्का सरनोबतांकडे निघाल्या तेव्हा केंद्राच्या दाराखाली तीन चिठ्ठ्या सरकवलेल्या होत्या. तिन्ही घरांनी नावं काढून घेतली होती. त्यांनी त्या वाचल्या, पिशवीत घातल्या आणि दाराला कुलूप लावलं. वाटेत हणबरांचं घर लागलं. अंगणात माणसं जमलेली होती आणि कुणी रडत नव्हतं, म्हणजे अजून आशा होती. त्या न थांबता पुढे गेल्या.

साजूने आ करायला मुळीच नकार दिला. गौतमीने गुदगुल्या केल्या. विहीणबाईंनी हात शक्य तितका लांब करून टॉर्च धरला. उजेड घशाऐवजी साजूच्या नाकावर पडत होता.

"नीट धरा की हो," पद्माक्का म्हणाल्या.

"धरतेय ना. तुमचं डोकं मध्ये येतंय."

पद्माक्का वाकल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"गुलाबी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "आजच्यापुरता."